यंदाच्या पाच तबकड्या

आश्विन सरत आला की लातुराहून माझ्या नावे एक पत्र येते. त्यात दिवाळीच्या शुभेच्छा नसतात, प्रकृतीची विचारपूस नसते, आणि वडिलार्जित शेताच्या वाटणीचा उल्लेख तर नसतोच नसतो. मायना, पाच ओळी आणि सही, एवढाच काय तो मजकूर. त्या पाच ओळींत माझ्या वडील बंधूंनी (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) वर्षभरात ऐकलेल्यांपैकी सर्वांत अधिक आवडलेल्या पाच तबकड्यांची नावे असतात. अशीच पाच नावे मी नांदेडाहून त्यांना धाडतो. एकाने दुसऱ्याची यादी पाहून आपली सुधारून घेऊ नये, म्हणून दोघांनीही कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी पत्र टाकावयाचे असा ठरावच आहे. ही दोन पाकिटे लोहा-अहमदपूरच्या दरम्यान कोठे तरी एकमेकांना ओलांडून जात असावीत.

हा उद्योग १९६४ सालापासून अव्याहत चालू आहे. त्या साली अण्णा नोकरीनिमित्त लातुरास गेले. घरातला ग्रामोफोन वडीलकीच्या हक्काने त्यांच्याबरोबर गेला आणि तबकड्यांची मात्र समसमान वाटणी झाली. यंत्रावाचून तबकड्या म्हणजे जात्यावाचून दळण! मी सहा महिने तसाच काढले. पुढे हैदराबादेहून एक जुने यंत्र मिळविले. तेव्हा आता तू काय काय ऐकतोस ते कळव, असे अण्णांनी लिहिले, आणि त्यातून या याद्या निघाल्या. नियम हळूहळू बनत गेले. तबकडी कोणत्या सालची आहे हे पाहावयाचे नाही. परंतु ती त्या वर्षात प्रत्यक्ष यंत्रावर चढवून आरंभापासून अखेरपर्यंत ऐकलेली असली पाहिजे. आठवणीत ऐकलेली, रेडिओवर ऐकलेली, शेजाऱ्याच्या लग्नमंडपातून कानांवर आलेली चालणार नाही. हा नियम अण्णांचाच, आणि त्याच्या अंमलबजावणीत ते पराकाष्ठेचे कडक. ‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीवरून १९५५ साली सुरू झाले तेव्हा आम्ही दोघे भाऊ शेजाऱ्यांच्या ओसरीवर बसून ते ऐकत असू. पुढे एका वर्षी मी त्याचे नाव यादीत घातले, तर उलट टपाली एकच शब्द आला: ‘बाद’. छपन्न गाणी ही एक तबकडी कशी काय, हा त्यांचा आक्षेप. तो मला अजूनही सर्वस्वी पटलेला नाही.

त्या यंत्राचाही एक इतिहास आहे. वडील निजामाच्या राज्यात तहसील कचेरीत पेशकार होते. त्यांचे दप्तर उर्दूत, पूजा संस्कृतात आणि गुणगुणणे मराठीत! १९४८ च्या उन्हाळ्यात रझाकारांची धामधूम वाढली, तेव्हा त्यांनी आम्हांला पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात, पुसदला मावशीकडे पोचते केले. तसे करणारी कुटुंबे तेव्हा आमच्या भागात पुष्कळ होती. सप्टेंबरात हैदराबाद संस्थानाचा प्रश्न मिटला आणि वडील आम्हांला न्यावयास आले. परत निघताना त्यांच्या काखोटीस एक पेटी होती. मावशीच्या शेजारी कोणी वकील यंत्र विकीत होते. परागंदा संसाराची ही पहिली खरेदी. आईने कपाळाला हात लावला. पेटीबरोबर सात तबकड्या आल्या होत्या. मी पाच वर्षांचा होतो, अण्णा अकरा. नांदेडास घरी पोचल्यावर चूल पेटण्याआधी यंत्र वाजले, असे आई पुढे कित्येक वर्षे सांगत असे. त्यात तक्रार किती आणि कौतुक किती हे मला कधीच नीट कळले नाही.

त्या दिवशी पहिली वाजली ती ‘शीळ’. कविता ना. घ. देशपांडे यांची आणि गळा जी. एन. जोशी यांचा. देशपांडे हे मेहकरचे, म्हणजे आमच्या हद्दीला लागून असलेल्या मुलखातले, आणि पेशाने वकील. गाणारे जोशी नागपूरकडचे. तेही कायदाच शिकलेले. दोन कायदेपंडितांनी मिळून महाराष्ट्राला रानातल्या शिळेचे वेड लावावे यात एक गंमत आहे खरी. मराठी भावगीताचा आरंभ पुष्कळ जाणकार या तबकडीपासून धरतात. ती १९३० नंतरच्या दोन-चार वर्षांतली. आमच्याकडे आली ती अगोदरच बरीच वाजून झिजलेली होती. दुसऱ्या कडव्यात एके ठिकाणी तिच्यावर ओरखडा होता. तेथे सुई नेमकी उडे, अर्धा शब्द गिळी आणि पुढे जाई. मूळ गाण्यात तो शब्द पुरा आहे हे मला कॉलेजात गेल्यावर कळले आणि ते काही तरी चुकीचे ऐकल्यासारखे वाटले.

आजच्या वाचकाला या तबकड्यांचे अप्रूप समजावून सांगणे अवघड आहे. व्यास १० इंच, मिनिटाला ७८ फेरे, आणि एका बाजूस तीन-सव्वातीन मिनिटांचे गाणे. सुई दर बाजूगणिक बदलावयाची. चावी द्यावयास विसरलात तर शेवटच्या कडव्यात गवयाचा आवाज खाली खाली जात घोगरा होणार. घडण लाखेची. पळस-कुसुंबावरच्या किड्याने जे रान-डिंकासारखे द्रव्य करून ठेवले, त्याचेच कासारांनी चुडे केले, कचेऱ्यांनी मोहरा उठविल्या, आणि त्यातच कोणा गवयाचा आवाज कोरून ठेवला! हातातून पडली की काचेसारखी फुटे. ही शेवटची गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी.

परंतु माझ्या मते या वस्तूचा खरा चमत्कार तिच्या तोकडेपणात आहे. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजानने पहिल्यांदा ध्वनिमुद्रण केले, तेव्हा रात्र रात्र चालणारा राग तिने तीन मिनिटांत आवळून बसविला आणि शेवटी स्वतःचे नावही इंग्रजीतून सांगून टाकले, कारण तबकडी छापली जायची जर्मनीत हॅनोव्हरला, आणि तेथल्या कारागिरांना गाणारी कोण ते कळावयास हवे. ख्यालगायकांना ही मर्यादा जाचली असेल. भावगीत मात्र त्याच मापात जन्मले. त्याला आलापाची हौस नाही, तानेची घाई नाही. ध्रुवपद, दोन-तीन कडवी, मध्ये चार वाद्यांचा एक लहानसा खेळ, आणि पुन्हा ध्रुवपद. एवढ्यात ज्याला सांगता आले त्याने जिंकले. निबंधलेखकांनीही याचा विचार करावा असे मला अनेकदा वाटते; पण ते असो.

यंदा आमच्या या जुन्या व्यवहारात एका तिसऱ्याने पाऊल टाकले. अण्णांचा नातू अमेरिकेत न्यू जर्सीस संगणकाच्या नोकरीत आहे. त्याला आजोबांच्या यादीचा पत्ता लागला आणि त्याने स्वतःची यादी पाठवून दिली: या वर्षीचे त्याचे लाडके दहा आल्बम. सगळे ‘पॉवर पॉप’ नावाच्या एका संप्रदायातले. त्यातले एकही नाव आम्हां दोघांना ओळखीचे नव्हते. मग एका रविवारी त्याने मला फोनवरून त्यातली काही ऐकविली. पहिल्या गाण्याला मी फोन कानापासून हातभर दूर धरला. तिसऱ्याला तो पुन्हा कानाशी आणला. गिटारींचा गलबला भरपूर, ढोल बडविल्यासारखा ठेका. पण त्याच्या आत, करवंटीत खोबरे असावे तशी, एक अत्यंत गोड आणि सुबक चाल. ध्रुवपद एकदा ऐकले की दुपारभर सुटत नाही. आणि मी घड्याळ पाहिले तर गाणे तीन मिनिटे दहा सेकंदांचे!

‘हू’ या इंग्रजी वाद्यवृंदाच्या पीट टाउनशेंडने १९६७ साली आपल्या गाण्यांविषयी बोलताना हे नाव वापरले, असे त्याने सांगितले. पुढे मेंफिस गावच्या ‘बिग स्टार’ नावाच्या मंडळींनी १९७२ साली एक आल्बम काढला. त्याचे नाव ठेवले ‘पहिल्या क्रमांकाची तबकडी’. परीक्षकांनी वाखाणली, परंतु दुकानांत ती धड पोचलीच नाही, म्हणून खपली नाही. पुढच्या पिढीतल्या गाणाऱ्यांनी मात्र ती शोधून शोधून ऐकली. हे ऐकताना मला हसू आले, आणि बरेही वाटले. दुकानांत न पोचणे म्हणजे काय हे लातूरकराला वेगळे सांगावे लागत नाही. एके काळी मुंबईहून निघालेला माल कुर्डुवाडीस उतरे आणि बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद रुळांवरून डुलत डुलत लातुरास येई. त्या डुलण्यात किती तबकड्यांचा निकाल लागला याचा हिशेब अण्णांना तोंडपाठ आहे. ते अरुंद रूळ आता गेले; रुंद झालेल्या मार्गावरून १९१६ साली नव्हे, २०१६ साली, मिरजेहून लातुरास पिण्याचे पाणी आगगाडीने आणावे लागले. त्या उन्हाळ्यात वहिनींनी तबकड्या ओल्या फडक्याने पुसण्यास मनाई केली होती, आणि अण्णांच्या यादीच्या तळाशी ‘सर्व तबकड्या धुळीसह ऐकल्या’ असा शेरा होता.

नातवाशी माझे एकाच बाबतीत जमले नाही. त्याचे दहाही आल्बम याच वर्षी निघालेले. मी विचारले, ‘अरे, यंदा निघालेले गाणे यंदाच लाडके कसे होईल? ते आधी घरात राहावे लागते.’ तो म्हणाला, ‘आजोबा, ‘बिग स्टार’सुद्धा कोणी तरी पहिल्या वर्षी ऐकली असेल की!’ मुद्दा बिनतोड होता. मी तो मान्य केला नाही.

आता माझी यादी. या वर्षी मी पहिल्या ओळीत गजाननराव वाटवे यांची सायंतारेची तबकडी घातली. कविता कवी अनिलांची. वाटवे यांच्या आवाजात शब्द गायला जातो असे वाटतच नाही, तो सांगितला जातो. आणि तरीही चाल जागची हलत नाही. त्यांनी हातात गिटार घेतली असती तर आमचा नातू त्यांच्या मागे मेंफिसपर्यंत गेला असता. दुसरी ‘जैत रे जैत’. चित्रपट १९७७ चा, चाली हृदयनाथ मंगेशकरांच्या, गाणी ना. धों. महानोरांची. महानोर मराठवाड्यातल्या पळसखेडचे. तेव्हा येथे माझा थोडा पक्षपात आहे हे कबूल करतो. पण पक्षपात बाजूला ठेवला तरी, इतक्या लहान लहान गाण्यांतून एक सबंध डोंगर उभा राहिलेला मी अन्यत्र पाहिला नाही. तिसरा ‘गारवा’, १९९८ चा. मिलिंद इंगळे यांचा स्वर आणि सौमित्र यांचे शब्द. ही कॅसेट आहे, तबकडी नव्हे, यावरून पूर्वी रण माजले होते. अण्णांनी शेवटी ‘फिरते ती तबकडी’ असा निवाडा दिला, कारण त्यांना स्वतःलाच ती यादीत घालावयाची होती. चौथी अरुण दाते यांची ‘शुक्रतारा’. तिच्याविषयी नवे सांगण्यासारखे माझ्यापाशी काही नाही, ती आहे म्हणजे आहे.

पाचवी ‘कुलवधू’तली भैरवी. रांगणेकरांचे नाटक १९४२ चे, चाल मास्तर कृष्णरावांची, गाणाऱ्या ज्योत्स्नाबाई भोळे. ही मी एकट्याने ऐकली नाही. श्रावणात लातुरास गेलो होतो, तेव्हा अण्णांच्याच यंत्रावर ती लावली. अण्णांच्या कानांची तक्रार दोन वर्षांपासून चालू होती. वरच्या पट्टीतले सूर आधी जातात असे म्हणतात. कानात घालावयाचे यंत्र त्यांनी पंधरा दिवस वापरले आणि काढून ठेवले. त्यातून तंबोराही भांड्यासारखा वाजतो, अशी त्यांची तक्रार. मी भैरवी लावली. अण्णा नेहमीप्रमाणे खुर्ची यंत्राजवळ ओढून बसले. मात्र त्यांचे डोळे सुईवर खिळलेले होते. सुई आतल्या वर्तुळाशी येऊ लागली तसे त्यांनी ‘वाहवा!’ म्हटले. बाईंचे शेवटचे ध्रुवपद अजून व्हावयाचे होते.

मी काही बोललो नाही. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि त्या आत गेल्या.

त्यानंतर कोजागिरी आली. यंदा अण्णांचे पत्र येणारच नाही असे मी धरून चाललो होतो. ते आले, ठरलेल्या दिवशी. अक्षर थोडे कापरे. पण ओळी पाच. आणि पहिली ओळ: ‘शीळ. जी. एन. जोशी.’

वाचकहो, ही तबकडी १९९३ पासून अस्तित्वात नाही.

त्या वर्षीच्या सप्टेंबरच्या ३० तारखेस पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन. माणसे दमून झोपलेली. दगडमातीची जड माळवदे अंगावर आली आणि हजारो माणसे झोपेतच गेली. लातूर शहर हादरले तरी उभे राहिले. अण्णांच्या घराच्या एका भिंतीस तडा गेला, एवढेच. मी दुसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा अण्णा घरी नव्हते. ते किल्लारीकडे मदतीस गेले होते आणि पुढे तीन आठवडे तिकडेच होते. भिंतीचा भरवसा नव्हता, म्हणून वहिनींनी तबकड्यांची खोकी माझ्या स्वाधीन केली: ‘भाऊजी, एवढ्या नांदेडला घेऊन जा. त्यांचा जीव यांत आहे.’ मी ती खोकी एस.टी.त मांडीवर घेऊन बसलो. नांदेडच्या स्टँडावर उतरताना पायरी चुकली. वरचे खोके हातातून निसटले. घरी येऊन पाहिले तो बाकी सर्व धड. ‘शीळ’ मात्र मधोमध दुभंगलेली.

मी अण्णांना लिहिले की एक तबकडी भूकंपात फुटली.

असे का लिहिले, याचे उत्तर मी तेव्हापासून शोधीत आहे. त्यांनी मला रागे भरले नसते. त्या दिवसांत कोणाला तबकडीची पर्वा होती! पण त्यामुळेच खोटे सोपे झाले. एवढ्या मोठ्या संहारात माझा एवढासा अपराध सहज दडून गेला. किल्लारीहून त्यांचे कार्ड आले: ‘येथे घरेच्या घरे गेली आहेत, तबकडीचे मनाला लावून घेऊ नकोस.’ ज्या माणसाने दिवसभर ढिगारे उपसले, तो रात्री कंदिलाशी बसून माझे सांत्वन करीत होता. ते कार्ड मी फाडू शकलो नाही आणि पुन्हा वाचूही शकलो नाही. तबकडीचे दोन्ही तुकडे त्याच कार्डासह कपाटात वरच्या फळीवर आहेत.

तेव्हा यंदाच्या यादीतली ती पहिली ओळ पाहून मला आधी राग आला, तो नियमभंगाचा. आणि पाठोपाठ भीती वाटली. हे टोचून लिहिले आहे काय? इतक्या वर्षांनी त्यांना कोणी सांगितले? उत्तर टपालाने द्यावयाचा धीर होईना. मी दिवाळीची वाट न पाहता लातुरास गेलो.

कबुली द्यावयाची तर ती हलक्या आवाजात द्यावी, असे मला वाटत आले होते. अण्णांपाशी ते शक्य नव्हते. मी एकदा म्हणून पाहिले. ते म्हणाले, ‘काय?’ मी जरा चढ्या आवाजात म्हटले. ‘काय म्हणतोस, बापू?’ तिसऱ्या वेळी शेजारच्या गच्चीवरचे गृहस्थ वाकून पाहू लागले, आणि मी थांबलो. शेवटी त्यांचीच यादी खिशातून काढली, तिच्या पाठीवर लिहिले: ‘अण्णा, ती तबकडी भूकंपात फुटली नव्हती. नांदेडच्या स्टँडावर माझ्या हातून पडली. मी तुम्हांला खोटे कळविले.’ आणि कागद त्यांच्यापुढे सरकविला.

त्यांनी चष्मा लावला. वाचावयास लागतो त्याहून पुष्कळ अधिक वेळ ते त्या कागदाकडे पाहत राहिले. मग कागद उलटून आपली यादी वाचली, पुन्हा उलटून माझे वाचले.

‘म्हणजे यंदा नियम मी एकट्यानेच मोडला नाही,’ ते म्हणाले.

मी खाली पाहत होतो. थोड्या वेळाने ते आपणहून बोलू लागले; ऐकू न येणारी माणसे बोलतात तसे, जरा मोठ्याने. यंत्रावर लावलेले आता त्यांना नुसते खरखर असे ऐकू येते. गाणे कोणते, ते लेबल वाचून कळते. पण रात्री दिवा मालविल्यावर कधी कधी एखादी तबकडी आपोआप सुरू होते आणि आरंभापासून अखेरपर्यंत सगळी वाजते. या वर्षी सर्वांत अधिक वेळा ‘शीळ’ वाजली. म्हणून लिहिली. ‘बाद धरायची तर धर,’ असेही म्हणाले.

मग त्यांनी ती गुणगुणून दाखविली. सूर थोडा घसरलेला, ताल मात्र चोख. दुसऱ्या कडव्यात त्या ठिकाणी आले, तेथे त्यांनी अर्धा शब्द गिळला आणि पुढे गेले. पुसदहून आलेल्या त्या पेटीतली सुई जेथे उडत असे, नेमकी तेथेच.

मी नांदेडास परतल्यावर यादीच्या वहीत नोंद केली. पहिली: ‘शीळ’. शेरा: मंजूर. पुढच्या खेपेस ते दोन तुकडे घेऊन ये, असे अण्णांनी निघताना दोनदा बजावले आहे, आणि येताना बसमधून नीट उतर, असेही.